पेशी घरी शिकवताना: उन्हाळी सुट्टीतल्या नोंदी

मंडळी तीन. मुलगी सहावीत जाणार, भाचा आठवीत जाणार आणि महिनाभर आमच्याकडे, शिवाय शेजारचा दुसरीतला, जो न बोलावता येतो. गाव सांगली. जागा म्हणजे जेवणाचं टेबल आणि मागची गॅलरी. मी शिक्षिका नाही. बारावीला जीवशास्त्र होतं, तेवढ्या शिदोरीवर उडी मारली आहे. कुणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील, म्हणून लिहून ठेवते.

२४ एप्रिल

सुरुवात मॉडेलने केली. जिलेटिन प्राण्यांपासून करतात, त्यामुळे सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ते येणं शक्य नव्हतं. आणलं असतं तरी या उकाड्यात त्याचं पाणीच झालं असतं. म्हणून चायना ग्रास घेतलं. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम, उकळून पूर्ण विरघळवलं आणि चौकोनी डब्यात ओतलं. ते घट्ट झालं की बाहेर ठेवलं तरी वितळत नाही. पेशीतले भाग असे: केंद्रक (पेशीचा कारभार चालवणारा गोळा) म्हणून अर्धं द्राक्ष, तंतुकणिका (ऊर्जा पुरवणारे कण) म्हणून तासगावचे बेदाणे, हरितलवकांसाठी (पानांतले हिरवे कण) मटार, आंतर्द्रव्यजालिकेसाठी (आतलं नळ्यांचं जाळं) शिजवलेल्या शेवया. रंगीत गोळ्याही टाकल्या होत्या. त्यांचा रंग तासाभरात सुटला आणि अर्धी पेशी जांभळी झाली. पुढच्या वेळी गोळ्या नकोत.

वेळ तीन तास, खर्च १४० रुपये. फोटो काढले, मुलांनी नावं पाठ केली, संध्याकाळी पेशी खाऊन टाकली. मी खूश.

२६ एप्रिल

सूक्ष्मदर्शी आला. ओळखीतल्या एका मुलीचं बी.एस्सी. झालं, तिच्याकडून जुना घेतला, २,६०० रुपयांना. ४, १० आणि ४० पटींची तीन भिंगं, वरचं डोळ्याचं भिंग १० पटींचं, खाली आरसा. आरशाने सूर्य थेट पकडायचा नाही, डोळा जाईल, हे सगळ्यात आधी सांगितलं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून येणारा उजेड पुरतो.

पहिला अर्थात कांदाच. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा नखाने अलगद निघतो. पहिले चार पापुद्रे मात्र हवेतच गुंडाळले गेले आणि काचपट्टीवर उलगडताना फाटले. पापुद्रा निघाला की थेट वाटीतल्या पाण्यात टाकायचा, तिथेच कात्रीने नखाएवढा तुकडा करायचा आणि काचपट्टी खाली सरकवून उचलायचा.

दिसलं! विटांच्या भिंतीसारखं, हे सगळेच म्हणतात आणि ते खरंही आहे. मग म्हटलं, आता चित्र काढा.

भाच्याने एक सुबक आयत काढला. आत केंद्रक, सहा तंतुकणिका आणि त्यांच्या पोटात नागमोडी घड्यासुद्धा. मुलीने काढले ते सरळ बेदाणेच. सुरकुत्यांसकट.

"हे कुठे दिसलं तुला?"

"असतंच की मावशी. पुस्तकात आहे."

तंतुकणिकेची जाडी एक मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहून कमी. आमच्या या यंत्रात, न रंगवलेल्या कांद्यात, ती दिसणं शक्यच नाही. पोरांनी भिंगातून पाहिलं, पण काढली माझी जेली. चूक शंभर टक्के माझी. उत्तर आधी खाऊ घातलं आणि मग प्रश्न विचारला.

नवा नियम: कागदावर वाटी ठेवून गोल काढायचा, त्या गोलात फक्त दिसलं तेच. चित्रातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याने भिंगातून शोधून दाखवायची. सापडली नाही तर खोडायची.

२७ एप्रिल

नियमाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी झाली. धाकट्याला "सगळ्यात भारी पेशी" सापडली. एकदम गोल, काळी जाड कड, मध्ये लख्ख. तिघांनी काढली, एकमेकांना दाखवली, नियमात बसली. मीही शाबासकी देणार होते. मग सहज टाचणीने वरच्या पातळ काचेवर टिचकी मारली, तर पेशी घसरत दुसरीकडे गेली.

हवेचा बुडबुडा.

कव्हर स्लिप वरून सपाट टाकली की बुडबुडे अडकणारच. एक कड पाण्याला टेकवायची, दुसरी टाचणीवर तोलून हळूहळू खाली सोडायची. हे मला माहीत होतं, पण घाईत केलं नाही.

त्यावरून मात्र एक तास फार कामी आला. मुद्दाम पेशी नसलेल्या गोष्टी पाहिल्या: बुडबुडे, ताकातले लोण्याचे थेंब, नायलॉनचा धागा, झाडूची धूळ, पापणीचा केस (याला पेशी नाही म्हणावं का, यावर भाच्याने वाद घातला, केस मृत पेशींचाच बनतो, त्यामुळे तो जिंकला). वहीत 'ही पेशी नाही' असं पान केलं. नंतर प्रत्येक वेळी शंका आली की पोरं ते पान उघडायची. पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी पहिला दिवस याच पानाला देईन.

२९ एप्रिल

रंग. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणलं, ३५ रुपये. तसंच ओतलं. सगळा पापुद्रा गडद तपकिरी, वर सुरकुतलेला. टिंक्चरमध्ये स्पिरिट असतं, ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. एक थेंब टिंक्चर आणि पाच-सहा थेंब पाणी असं केल्यावर जमलं. पाच मिनिटांत प्रत्येक विटेत एक पिवळट तपकिरी टिकली उठली.

तक्रार लगेच आली. टिकली मध्ये नाही! भिंतीला चिकटून, कोपऱ्यात, कुठेही. पुस्तकातलं कांद्याचं चित्र भाच्याने आणून समोर ठेवलं. कारण असं की मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याच्या पिशवीने व्यापलेली असते आणि बाकी ऐवज कडेला ढकललेला असतो. हे मी तेव्हा सांगितलं नाही. "का बरं?" एवढंच वहीत लिहायला लावलं. निदान एक गोष्ट तरी जेलीसारखी आधी सांगायची नाही, असं ठरवलं होतं.

त्याच दिवशी ४० पटींचं भिंग लावून मी भिंग आणि काच जवळ-लांब करणारी मोठी चक्री फिरवली आणि कव्हर स्लिप फोडली. मीच, मुलांनी नाही. भिंगाला ओरखडा गेला नाही हे नशीब. मोठी चक्री फक्त छोट्या भिंगावर फिरवायची. मोठं भिंग आलं की बारीक चक्री, आणि ती फिरवताना डोळा बाजूने काचेकडे.

मापही घेतलं. ४ पटींच्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवली, गोलात साडेचार मिलिमीटर बसले. म्हणजे १० पटींच्या भिंगाखाली १.८ मिलिमीटर. तिथे कांद्याच्या पेशी लांबीने सहा बसल्या. म्हणजे एक पेशी ०.३ मिलिमीटर. मुलीने हा भागाकार स्वतः केला, दोनदा चुकून.

२ मे

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा काप पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना खोल्यांचं नाव दिलं, ती गोष्ट सांगून झाली होती. मग बूच कुठून आणायचं? पिसांच्या फाटक्या शटलकॉकच्या बुडाला खरं बूच होतं. नव्या पात्याने काप मी काढले, मुलांना पातं दिलं नाही. पंधरा-वीस काप नुसते काळे ठोकळे. एका तुकड्याची कड चुकून तिरकी गेली, तिथे जाळी दिसली.

"यात तर काहीच नाही," धाकटा म्हणाला. बरोबर. हूकलाही रिकामे कप्पेच दिसले. बुचाच्या पेशी मेलेल्या असतात, उरतात त्या भिंती. केंद्रकाला 'न्यूक्लिअस' हे नाव रॉबर्ट ब्राऊनने दिलं ते १८३१ मध्ये. भाच्याने वजाबाकी केली, १६६. "आणि आम्हाला तीन दिवसांत," असं त्याचं म्हणणं. आयोडीनचे ३५ रुपये कुणी दिले, हे मी विचारलं नाही.

३ मे

अंड्याचा प्रयोग सुरू केला. जागा अर्थातच गॅलरी. बरणी वेगळी, चमचा वेगळा, सासूबाईंनी दार लावून घेतलं. तीन अंडी व्हिनेगरमध्ये बुडवली. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर लगेच फेस धरला. वास दोन दिवस राहतो हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

५ मे

एका अंड्याला चिमट्याने उचललं, फुटलं. गॅलरी धुण्यात सकाळ गेली. उरलेली दोन हातानेच, नळाखाली हळू चोळून, पांढरी पूड काढली. सुरुवातीला ५४ ग्रॅमचं होतं ते आता ७४ ग्रॅम. कवच गेलं आणि वजन वाढलं! यावर तिघेही गप्प झाले. मग ते साखरेच्या घट्ट पाकात ठेवलं.

६ मे

पाकातलं अंडं ४९ ग्रॅम, पंक्चर चेंडूसारखं. साध्या पाण्यात टाकलं. रात्रीपर्यंत परत टम्म.

एक कबुली. मी सुरुवातीला "हे बघा पेशीपटल" (पेशीभोवतीचं पातळ आवरण) म्हणाले, ते चूक. हाताला लागतो तो कवचाच्या आतला पापुद्रा, पेशीचं पटल नव्हे. पाणी जाऊ देतो आणि साखर अडवतो, एवढ्यापुरतंच साम्य. दुसऱ्या दिवशी मुलांना तसं सांगितलं. वहीतल्या शब्दावर काट मारली.

७ मे

या सगळ्या सुट्टीतला सगळ्यात चांगला दिवस, आणि त्याची सुरुवात सगळ्यात वाईट.

अंड्याचं झालं, आता तेच कांद्याच्या पेशीत दाखवू म्हटलं. आयोडीन लावलेला पापुद्रा तयारच होता. कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या कडेला वर्तमानपत्राचा कपटा, म्हणजे पाणी आतून ओढलं जातं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. काहीच नाही. मीठ वाढवलं, तरी काही नाही. मुलं क्रिकेटला गेली.

दुपारी डोक्यात प्रकाश पडला. आयोडीनने त्या पेशी मेल्या होत्या. मेलेल्या पेशीचं पटल काही अडवत नाही, मीठही आत जातं आणि पाणीही. अंड्यासारखं आकसायचं तर पटल धड हवं, म्हणजे पेशी जिवंत हवी. आणि जिवंत पेशीला रंग लावायचा नाही, तर दिसणार कसं?

कांदा आपला लाल. पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा पांढरा असतो, पण बाहेरच्या, फुगीर बाजूचा गुलाबी. तो रंग पेशीच्या आतल्याच पाण्यात असतो. बाहेरची बाजू सोलायला अवघड, सलग पापुद्रा निघत नाही, पण कणभर तुकडा पुरतो. पात्याने हलकी खूण करायची आणि कडेने ओढायचं.

संध्याकाळी तिघांना परत बसवलं. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर मीठ. भाचा डोळा लावून होता.

"मावशी, गुलाबी सुटायला लागलं भिंतीपासून."

आधी कोपरे सुटले, मग बाजू, आणि चार मिनिटांत प्रत्येक चौकटीत गुलाबी गोळा वेगळा, भिंत वेगळी. मुलीला वहीतला "का बरं?" आठवला. "म्हणजे सगळ्या खोलीत पाणीच भरलं होतं, म्हणून टिकली कोपऱ्यात!" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं.

मग साधं पाणी ओढून गुलाबी परत फुगवायचं होतं. पहिल्या काचेवर फुगलं नाही. भाच्याने चोरून आणखी मीठ घातलं होतं, ते फार झालं. दुसऱ्या तुकड्यावर मोजून मीठ दिलं आणि गोळे दिसताच लगेच पाणी बदललं, तर बऱ्याच पेशी भरल्या. सगळ्या नाही.

सासूबाई ओट्यावर कैरीच्या फोडींना मीठ चोळत होत्या. त्यांना बोलावून दाखवलं. पाहून म्हणाल्या, "मीठ लावलं की पाणी सुटतंच. त्याला दुर्बीण कशाला?" पण उठून परत एकदा पाहून गेल्या.

९ मे

गालाच्या पेशी. प्रत्येकाची काडी वेगळी, काचपट्टी वेगळी, काम झाल्यावर सगळं ब्लीचच्या पाण्यात. आधी चूळ भरायची. नाहीतर पोह्यांचे कण पाहत बसाल, आम्ही बसलो. कापूस गुंडाळलेल्या काडीने गाल आतून पुसायचा आणि काचेवर टेकवायचा. रंगासाठी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातलं मेथिलीन ब्लू, ५० रुपये. एका थेंबाला दहा थेंब पाणी. आधी नुसतंच घातलं, तर सगळा गोल निळा. टेबलावरचा डाग अजून आहे.

इथे भिंत नाही. वेड्यावाकड्या पातळ चकत्या, काही घडी पडलेल्या, मध्ये गडद टिकली. रुंदी साधारण ०.०६ मिलिमीटर, कांद्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. धाकट्याला स्वतःचा गाल असा दिसतो हे पटेना. त्याने तीन वेळा नमुना दिला.

१३ मे

मासे पाळणाऱ्यांच्याच दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची जुडी, ३० रुपये. पान इतकं पातळ की सोलायचं कामच नाही, आख्खं काचेवर ठेवायचं. हिरवे मणी लगेच दिसले, पण स्थिर. मी वाचलं होतं की ते फिरतात. तासभर पाहिलं, फिरले नाहीत. जुडी दोन दिवस न्हाणीघरातल्या बादलीत, अंधारात होती.

१४ मे

सकाळी जुडी खिडकीत उजेडात ठेवली, थेट उन्हात नाही. पानही दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं काचेवर राहू दिलं. मग ४० पटींच्या भिंगाखाली पानाच्या मधल्या शिरेजवळ पाहिलं. हरितलवक भिंतीकडेने, एकामागोमाग, एकाच दिशेने चालले होते. मुलगी म्हणाली, "रिंगण चाललंय, आई."

चाळीस मिनिटं कुणी उठलं नाही. एका मण्याला पूर्ण फेरी मारायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचा प्रयत्न झाला, पण मणी गर्दीत हरवतो. चित्र काढताना बाण कसे दाखवायचे यावर भांडण झालं. ते मिटलं नाही.

१६ मे

केळ्यातून डीएनए. पहिल्यांदा फसलं, कारण स्पिरिट गार नव्हतं आणि भांड्याच्या साबणाचा ढवळून ढवळून फेस केला होता. दुसऱ्यांदा स्पिरिट रात्रभर फ्रीजरमध्ये (गॅसपासून लांब), केळं, मीठ, साबण हलक्या हाताने मिसळून गाळलं आणि स्पिरिट कडेने सोडलं. शेंबडासारखे पांढरे धागे वर आले. त्यात डीएनए आहे, पण केळ्यातली इतर चिकट द्रव्यंही आहेत. पोरांना मजा वाटली, मला फारशी नाही. दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं, हे या प्रयोगात तपासता येत नाही.

१९ मे

भाचा परवा जाणार. तिघांनी मिळून पुन्हा मॉडेल करायचं ठरवलं. मी फक्त चिकटपट्टी दिली.

बुटाचा खोका ३० सेंटिमीटरचा. कांद्याची पेशी ०.३ मिलिमीटर, म्हणजे हजारपट. हे भाच्याच्या लक्षात आलं आणि मग प्रत्येक वस्तूचा हिशेब सुरू झाला. खोका म्हणजे भित्तिका, पेशीची भिंत. त्याला आतून चिकटून पातळ प्लास्टिकची पिशवी, तेच पटल. (खरं पटल हजारपट केलं तरी ही पिशवी त्याहून जाड भरते, असं मी सांगितल्यावर त्यांनी त्याची चिठ्ठी लावली.) पिशवीत गुलाबी पाण्याचा मोठा फुगा, त्याने जवळजवळ सगळी जागा खाल्ली. केंद्रक म्हणून गोटी, कोपऱ्यात.

तंतुकणिका घालायच्या की नाही? मुलीचं म्हणणं, आपल्याला दिसल्या नाहीत, नियम म्हणजे नियम. भाचा म्हणे, पण असतात. अर्धा तास चाललं. शेवटी हजारपट केल्यावर तंतुकणिका एक मिलिमीटर जाड होते, म्हणून खसखस आणली. पिशवीच्या कडेला डिंकाने चिकटवली आणि शेजारी लिहिलं: 'पाहिलं नाही, पुस्तकावरून.' हरितलवक घातले नाहीत, कांद्यात ते दिसलेच नव्हते.

फुग्यातलं थोडं पाणी सोडलं की पिशवी खोक्यापासून सुटते. सात तारखेचं सगळं त्यात आलं.

आतापर्यंतचा खर्च सूक्ष्मदर्शीसकट सुमारे ३,३०० रुपये. त्यात ५० काचपट्ट्या, दोन डब्या कव्हर स्लिप (एक डबी मी आणि धाकट्याने संपवली), व्हिनेगर, स्पिरिट, अंडी.

२० मे

फुगा रात्रीत गळला. खोका खालून मऊ झाला आणि खसखस भिजून एका बाजूला गोळा झाली. उद्या निघायच्या आधी भाचा प्लास्टिकच्या डब्यात पुन्हा बांधणार आहे. डबा ३० सेंटिमीटरचाच हवा म्हणतो. घरात २६ चा आहे, त्याचं प्रमाण काढणं चालू आहे.